वीतभर जमीन

"रोज न चुकता पाणी घालत होतो हो, तरी गेली." बाल्कनीतली तुळस वाळली की बहुतेक घरांत हे वाक्य ऐकू येतं, आणि ती का गेली याचं उत्तर बहुतेक वेळा त्याच वाक्याच्या पहिल्या अर्ध्यात असतं. पानं पिवळी पडली तेव्हा खत घातलं गेलं. मग शेंड्यावर मावा दिसला, म्हणून कुणीतरी सांगितलेलं काहीतरी फवारलं गेलं. झाड गेल्यावर नाव किडीचं झालं. कुंडी उपडी करून पाहिली असती तर मुळं तपकिरी, लिबलिबीत झालेली दिसली असती. कीड येण्याच्या कितीतरी आधी त्यांचा श्वास कोंडला होता.

माती आणि कीड यांचा विचार या प्रकरणात एकत्र केला आहे तो याच कारणाने. बागकामाच्या पुस्तकांत सहसा 'माती व खते' आधी येतात आणि 'कीड व रोग' पार शेवटी. शेतीत ही विभागणी एक वेळ चालून जाते. कुंडीत ती चालत नाही, कारण कुंडी म्हणजे लहानसं शेत नव्हे, जमिनीपासून तोडलेली माती आहे ती. अंगणातल्या मातीला खोली असते. जास्तीचं पाणी खाली उतरतं, वरचा थर सुकला की खालचा ओलावा थोडाफार वर येतो, गांडुळं येऊन-जाऊन असतात, पाचोळा पडतो आणि तिथेच कुजतो. मावा खाणारे किडे शेजारच्या गवतातून चालत येतात. सहाव्या मजल्यावरच्या वीतभर मातीत यातलं काहीच आपोआप होत नाही. तेव्हा 'नैसर्गिक' पद्धतीने झाडं वाढवायची म्हणजे रसायनं घालायची नाहीत, एवढ्यावर भागत नाही. जमीन जी कामं फुकट करते ती इथे आपल्याला करावी लागतात.

त्यातलं पहिलं काम पाण्याचा निचरा. हा कसा होतो हे समजून घ्यायला भांडी घासायचा एक जाड स्पंज पुरतो. तो चिंब भिजवून हातावर आडवा धरा आणि ठिबकायचा थांबेपर्यंत वाट पाहा. आता न दाबता त्याला उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच, भोकं तीच, बदलली ती फक्त उंची. बारीक छिद्रांत पाणी धरून ठेवायची एक ओढ असते आणि ती ओढ गुरुत्वाकर्षणाला तळाशी काही उंचीपर्यंत पुरून उरते. म्हणून कुंडीला कितीही भोकं पाडली तरी पाणी घातल्यावर तळाचा एक थर पूर्ण चिंब राहतोच. माती जितकी बारीक आणि चिकट तितका हा थर जाड. कुंडी उथळ असेल तर तो मुळांच्या निम्म्या जागेवर कब्जा करतो. तीच माती उंच कुंडीत घातली तर वरच्या भागात हवा खेळती राहते.

यावरून एका जुन्या सवयीचाही निकाल लागतो. तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे यांचा दोन-तीन इंचांचा थर दिला की निचरा चांगला होतो, असं माळीही सांगतात. होतं उलटंच. वरची बारीक माती पूर्ण भरून तुडुंब होईपर्यंत पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरत नाही. म्हणजे चिंब थर नाहीसा होत नाही, तो खडीच्या वर, मुळांच्या आणखी जवळ सरकतो. भोकावर एक खापरी पालथी ठेवा, माती वाहून जाऊ नये म्हणून. तेवढं पुरे. खडी टाकायचा मोह आवरला की तेवढीच जागा मुळांना मिळते.

आणि पाणी कधी घालायचं? घड्याळ पाहून नव्हे. बोट दोन पेरं आत घालून पाहायचं. ओल लागली तर आज पाणी नाही. पावसाळ्यात पुण्यात किंवा ठाण्यात आठवडा-आठवडा पाणी घालावं लागणार नाही, आणि एप्रिलमध्ये नागपुरात गच्चीवरच्या मिरचीला दिवसातून दोनदा लागेल. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या आणि पिशव्या उन्हात भयंकर तापतात आणि त्यांच्या कडेची मुळं अक्षरशः शिजतात. मातीच्या कुंडीच्या भिंतीतून पाणी झिरपून उडतं, त्यामुळे ती थंड राहते, पण पाणीही जास्त मागते. उन्हाळ्यात कुंड्या एकमेकींना खेटून ठेवल्या, लहान कुंड्या मोठ्यांच्या सावलीत सरकवल्या, की निम्मं काम होतं.

आता माती. महाराष्ट्रात हा प्रश्न भूगोलाप्रमाणे बदलतो. देशावर सहज हाताशी येते ती काळी, बेसॉल्ट खडकापासून झालेली. शेतात तिच्यासारखी माती नाही. कपाशी आणि ज्वारी तिच्या ओलीवर उभी राहते. कुंडीत मात्र तीच वैरीण होते. तिच्यातली चिकणमाती भिजली की फुगते आणि सुकली की आकसून भेगाळते, कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी मातीत न मुरता त्या फटीतून सरळ खालच्या ताटलीत. आपल्याला वाटतं, छान, झिरपलं. मुंबई-कोकणाकडे नर्सरीत 'लाल माती' मिळते. ती जांभ्याच्या प्रदेशातली, किंचित आम्ल, लोहयुक्त, भुसभुशीत दिसणारी. पण सेंद्रिय अंश बेताचा, आणि चार-सहा महिने पाणी बसलं की विटेसारखी घट्ट होते. नर्सरीतून आणलेलं झाड पिशवी फाडून जसंच्या तसं कुंडीत बसवलं की मधे हा लाल गोळा आणि भोवती आपलं भुसभुशीत मिश्रण अशी दोन राज्यं तयार होतात. मुळं सीमा ओलांडत नाहीत आणि पाणीही गोळ्यात शिरत नाही. लावताना गोळ्याच्या कडा हलक्या हाताने मोकळ्या करून घ्याव्यात.

म्हणून कुंडीत माती घालायची ती थोडीच. एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत, आणि एक भाग हवा धरणारं काहीतरी भरड: नारळाच्या शेंड्यांचे तुकडे, भाताची तुसं, अर्धवट कुजलेला पाचोळा. कोकोपीट वापरायचं असेल तर त्याच्याविषयी दोन गोष्टी लक्षात असू द्याव्यात. ते पाणी पुष्कळ धरतं पण त्यात झाडाला खायला जवळपास काही नसतं. शिवाय काही विटांत मीठ बरंच असतं, तेव्हा भिजवून, पिळून, ते पाणी फेकून मगच घ्यावं. यात प्रत्येक कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड मिसळली की मिश्रण तयार. प्रमाण काटेकोर पाळायची गरज नाही. मिश्रण मुठीत दाबून सोडलं की गोळा व्हावा आणि बोटाने टोचलं की फुटावा, ही कसोटी कुठल्याही तक्त्यापेक्षा भरवशाची.

गच्चीवर बाग करणाऱ्यांनी वजनाचाही हिशोब करावा. ओली माती लिटरला दीड किलोच्या वर भरते. वीस लिटरच्या बादलीत निव्वळ माती भरली तर एका बादलीचं ओझं तीस किलोंच्या पुढे जातं, आणि अशा चाळीस बादल्या झाल्या की गच्चीवर टनाहून जास्त वजन चढतं. जुन्या इमारतीत जड पिंपं खालून भिंत किंवा तुळई असेल त्या रेषेतच ठेवावीत, आणि बाहेर झेपावलेल्या बाल्कनीच्या कडेला तर मुळीच ठेवू नयेत.

या वजनावर महाराष्ट्रातच एक सुंदर तोड निघाली, आणि तिचं श्रेय श्रीपाद अच्युत दाभोळकरांना द्यायला हवं. हे गणिताचे प्राध्यापक. 'प्रयोग परिवार' या नावाने त्यांनी शेतकऱ्यांचं एक जाळं उभं केलं. कुणी गुरू नाही, प्रत्येकाने आपल्या वावरात प्रयोग करायचा आणि बाकीच्यांना कळवायचं. तासगावच्या द्राक्ष बागायतदारांनी जी झेप घेतली तिच्यामागे ही चळवळ होती. दाभोळकरांचा आग्रह साधा होता: झाड आपलं अन्न उन्हातून मिळवतं, तेव्हा पानांवर ऊन किती पडतं ते मोजा, आणि मुळांना खोल माती लागत नाही, कुजत्या सेंद्रिय पदार्थांत वाढणाऱ्या पांढऱ्या, केसासारख्या मुळांचं जाळं लागतं. शहरातल्या गच्चीला हा विचार चपखल बसला. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडं भरलेल्या पिंपांत आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भाज्या आणि फळझाडं वाढवून दाखवली, आणि मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यावर अख्खी बाग उभी केली.

चिपाडं मिळवायला लांब जावं लागत नाही. उन्हाळ्यात कोपऱ्याकोपऱ्यावर रसवंती असते आणि चिपाडांचा ढीग हे तिथल्या मालकाचं रोजचं दुखणं. पोतं घेऊन गेलात तर तो आनंदाने भरून देईल. घरी आणल्यावर ती एक रात्र पाण्यात बुडवून ठेवायची. साखर उतरली नाही तर तिसऱ्या दिवशी वाड्यातल्या सगळ्या मुंग्या तुमच्याकडे पाहुण्या येतील. निळं पिंप आडवं कापून दोन करा, तळाला आणि तळापासून इंचभर वर बाजूला भोकं पाडा. मग चिपाडांचा थर, त्यावर शेणाचा पातळ काला किंवा ओल्या कचऱ्याचं अर्धं कुजलेलं खत, पुन्हा चिपाडं, असं करत पायाने दाबत दाबत वर यायचं. वरच्या सहा-सात इंचांत माती-कंपोस्टचं मिश्रण.

यात शेण किंवा हिरवा कचरा का, तर चिपाडांत कर्ब भरपूर आणि नत्र नगण्य. ती कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र हवंच असतं. ते मिळालं नाही तर मातीत जे काही असेल ते तेच ओढून घेतात आणि रोप पिवळं पडतं. कंपोस्टच्या ढिगाला कर्ब आणि नत्राचं प्रमाण साधारण पंचवीस-तीसास एक असं मानवतं. सुका पाचोळा पुष्कळ आणि ओला कचरा थोडा, हे घरगुती भाषांतर. चिपाडाच्या पिंपाची दुसरी खोड म्हणजे ते बसतं. काठोकाठ भरलेलं पिंप काही महिन्यांत बरंच खाली जातं. घाबरून जायचं कारण नाही, वरून पाचोळा आणि खत घालत राहायचं. ही भर घालत राहणं म्हणजेच या पद्धतीत खत देणं.

सुक्या पाचोळ्याबद्दल इथेच सांगून टाकतो. पुण्यामुंबईच्या सोसायट्यांत फेब्रुवारी-मार्चमध्ये तो गोणीगोणीने निघतो आणि कोपऱ्यात पेटवला जातो. त्याच सोसायटीतले चार जण दुकानातून 'पॉटिंग मिक्स'च्या पिशव्या विकत आणत असतात! पाचोळा कुंडीच्या मातीवर दोन बोटं जाड पसरला तर उन्हाळ्यात पाण्याची मोठी बचत होते आणि पावसाळ्यात धारांनी माती घट्ट होत नाही. झाडाच्या खोडाला मात्र तो टेकू देऊ नये.

जीवामृताचं नाव आता शहरातही घरोघर पोचलं आहे. विदर्भातले सुभाष पाळेकर यांनी ते लोकप्रिय केलं. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एकरी मापात ते 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि मूठभर जिवंत माती असं असतं. गच्चीसाठी विसावा हिस्सा: 10 लिटर पाणी, अर्धा किलो शेण, पाव ते अर्धा लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन शंभर-शंभर ग्रॅम. सावलीत दोन दिवस, रोज दोनदा काठीने ढवळायचं आणि आठवड्याच्या आत संपवायचं. वापरताना दहापट पाणी घालावं. वासाबद्दल शेजाऱ्यांना आधी सांगितलेलं बरं. पण जीवामृताकडून काय अपेक्षा करायची हे नीट ठरवायला हवं. त्यातून झाडाला मिळणारं प्रत्यक्ष अन्न फार थोडं, ते जिवाणूंचं विरजण आहे. दूधच नसेल तर विरजण लावून काय होणार? मातीत कुजण्याजोगं काही नसेल तर ते घालून फरक दिसणार नाही.

स्वयंपाकघरातल्या बाकीच्या प्रयोगांत फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. चहाचा चोथा चालतो, पण साखर-दूध धुऊन. अंड्याची टरफलं कुटून बारीक पूड केली तरच काही वर्षांत विरघळतात, अख्खी टरफलं ही केवळ शोभा. केळीच्या सालीच्या पाण्याचं कौतुक जरा जास्तच झालं आहे, साल सरळ कंपोस्टात टाका. शेंगदाण्याची पेंड मात्र खरोखर दमदार. तिच्यात सात टक्क्यांच्या आसपास नत्र असतं. दोन-तीन दिवस भिजवून, भरपूर पातळ करून द्यावी आणि महिन्यातून एकदाच. कढीपत्त्याला ताक घालायची आपल्याकडची रीत मला पटते. बोअरचं जड पाणी आणि काळी माती दोन्ही अल्कधर्मी, त्यात लोह असूनही मुळांना उचलता येत नाही आणि कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. आंबट ताकाने तेवढ्यापुरती मुळांजवळची आम्लता वाढते. ताक पातळ हवं, बिनमिठाचं हवं. जेवणानंतर उरलेला मठ्ठा नको.

बोअरच्या पाण्याची दुसरी खूण म्हणजे मातीच्या कुंडीवर बाहेरून येणारा पांढरा थर. ते क्षार आहेत. दीड-दोन महिन्यांनी एकदा खालून स्वच्छ पाणी वाहू लागेपर्यंत कुंडीत भरपूर पाणी ओतलं की ते धुऊन जातात. पावसात कुंड्या उघड्यावर ठेवणाऱ्यांचं हे काम जूनमध्ये आपोआप होतं.

इतकं सगळं केलं तरी कीड येणारच. ती येणं हा अपमान नाही. फरक असतो तो ती किती टिकते यात. नत्राचा मारा झालेलं झाड लुसलुशीत, पाणीदार कोंब काढतं आणि मावा, तुडतुडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या मंडळींना तेच हवं असतं. कोंडलेल्या, वारा न लागणाऱ्या बाल्कनीत पिठ्या ढेकूण माजतो. मार्च ते मे या कोरड्या उन्हात धूळ बसलेल्या पानांच्या पाठीवर लाल कोळी जाळी विणतो. पानावर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके दिसले की पान उलटून बघावं. कोळ्याला सगळ्यात स्वस्त उपाय पाणी आहे. पानांच्या खालच्या बाजूने जोराची धार, दोन-तीन दिवसांआड, आठवडाभर. कुंडीभोवती बारीक काळी चिलटं घोंगावत असतील तर औषध शोधू नका, माती सतत ओली आहे एवढाच त्याचा अर्थ. वरचे दोन इंच सुकू द्या.

जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण जरा सावकाश पाहण्याजोगा आहे. शेंड्याजवळ, कळीच्या देठाशी, पानाच्या बगलेत कापूस चिकटवल्यासारखे पांढरे पुंजके. तो कापूस म्हणजे मेणाचं आवरण, आणि त्यामुळेच पाण्यासारखं फवारलेलं औषध त्याच्यावरून ओघळून जातं. आता खोडावर पाहा. मुंग्यांची एक रांग वर, एक खाली. ढेकूण झाडाचा रस पिऊन जो गोड चिकटा टाकतो तो मुंग्यांना हवा असतो. त्याबदल्यात त्या ढेकणांना खायला येणाऱ्या किड्यांना पळवून लावतात. म्हणून पहिला इलाज ढेकणांवर नव्हे, रांगेवर. कुंडी पाणी भरलेल्या ताटलीत विटेच्या तुकड्यावर ठेवा, भिंतीला किंवा शेजारच्या झाडाला टेकलेली फांदी छाटा. रांग तुटली की बाकीचं सोपं होतं.

त्या पुंजक्यांत कधीकधी एक वेगळा पांढरा किडा दिसतो. ढेकणाहून मोठा, अर्ध्या इंचाच्या आसपास, अंगभर मेणाच्या लांब झालरी, आणि ढेकूण जिथल्या तिथे बसलेले असताना हा मात्र लगबगीने चालणारा. ढेकणांचा दादा समजून लोक याला आधी चिरडतात. ही खरं तर क्रिप्टोलिमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी, आणि ढेकणांची अंडी-पिल्लं हेच तिचं जेवण. मोठा झाला की हा भुंगेरा ज्वारीच्या दाण्याएवढा, काळपट, डोकं आणि शेपटाकडचं टोक नारिंगी. मूळचा ऑस्ट्रेलियातला. 1898 मध्ये कॉफीवरच्या खवले किडीसाठी तो भारतात आणला गेला, आणि आज द्राक्ष बागायतदार पिठ्या ढेकणासाठी तो प्रयोगशाळेतून विकत आणून बागेत सोडतात. तुमच्या जास्वंदीवर तो फुकट आला असेल तर फवारणीचा पंप खाली ठेवा आणि दोन आठवडे थांबा.

कीड खाणारे किडे काय करू शकतात याचं आपल्या डोळ्यांदेखतचं उदाहरण पपईचं. मेक्सिकोकडचा पपईवरचा पिठ्या ढेकूण 2008 मध्ये कोइमतूरला प्रथम दिसला. पपई, तुती, जास्वंद, जे समोर येईल ते पांढरं करत तो महाराष्ट्रापर्यंत पसरला. शेतकऱ्यांनी औषधांवर औषधं मारली, उपयोग झाला नाही. 2010 मध्ये बेंगळुरूच्या राष्ट्रीय कीटक संस्थेने पोर्तो रिकोहून काही परोपजीवी माश्या आणवल्या. त्यांतली ॲसेरोफॅगस पपये ही, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी, ढेकणाच्या अंगात अंडं घालते आणि तिचं पिल्लू ढेकणाला आतून खाऊन बाहेर पडतं. ती सोडल्यावर थोड्याच काळात तो ढेकूण आटोक्यात आला. यश टिकायला एकच अट होती, माशी सोडली त्या बागेत विषारी फवारणी बंद ठेवायची.

फवारावं लागलंच तर क्रम असा ठेवावा. आधी बोटांनी किंवा जुन्या टूथब्रशने पुंजके काढून टाकणं. जास्वंदीसारखं झाड असेल तर ग्रासलेला शेंडा छाटून थैलीत बांधून फेकणं, कंपोस्टात नको. नंतर साबणाचं पाणी: एक लिटर पाण्यात चमचाभर सौम्य द्रव साबण, कपड्यांची पावडर नव्हे. साबण मेण फोडतो आणि मऊ शरीराच्या किडीला सुकवतो. तो अंगावर पडेल तेवढीच कीड मरते, सुकल्यावर पानावर काही उरत नाही, म्हणून पानांच्या पाठीमागे नीट भिजेल असं फवारायचं आणि पाच-सहा दिवसांनी पुन्हा.

मग कडुलिंब. आपल्या आज्यांना धान्याच्या कणगीत कडुलिंबाची पानं घालायला कुणी शास्त्र शिकवलं नव्हतं, पण शास्त्रही मागोमाग आलं. 1962 मध्ये दिल्लीत टोळधाड आली तेव्हा भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या एस. प्रधान यांनी उभ्या पिकांवर निंबोळीच्या गराचं पाणी फवारून दाखवलं, की टोळ त्यावर बसतात पण खात नाहीत. निंबोळीतला मुख्य घटक ॲझाडिरॅक्टिन. तो झटक्यात मारत नाही. किडीची भूक मरते आणि कात टाकण्याचं तिच्या अंगातलं चक्र बिघडतं, त्यामुळे पिल्लं मोठी होत नाहीत. संध्याकाळी फवारलं आणि सकाळी कीड जिवंत दिसली म्हणून 'काही उपयोग नाही' असं म्हणू नये, आठवडा द्यावा. फवारायचं संध्याकाळीच, कारण उन्हात हा घटक लवकर विघटित होतो आणि तेल लागलेली पानं भाजतात. याच तेलाच्या बुरशीनाशक वापरावर युरोपीय पेटंट कार्यालयाने 1994 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याला आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीला पेटंट दिलं होतं. भारतात हे आधीपासून चालत आलं आहे असं दाखवून दिल्यावर 2000 मध्ये ते रद्द झालं, आणि 2005 मध्ये अपीलही फेटाळलं गेलं.

घरगुती माप सोपं आहे. कडुलिंबाचं तेल लिटरला पाच मिलि, आधी कोमट पाण्यात साबणाबरोबर घुसळून दुधासारखं करून घ्यायचं, नाहीतर ते वर तरंगत राहतं. किंवा निंबोळी अर्क: पन्नास ग्रॅम सुक्या निंबोळ्यांची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर, सकाळी फडक्यातून गाळून किंचित साबण. कुठलंही मिश्रण आधी एका फांदीवर मारून दोन दिवस पाहावं. दशपर्णी अर्काबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. शेतासाठी तो ठीक. पण त्यात कण्हेर, रुई, एरंड, घाणेरी असली विषारी पानं पडतात. लहान मुलं, मांजर आणि कोथिंबिरीची कुंडी एकाच बाल्कनीत असताना तो पिंपभर कुजवत ठेवण्याची गरज मला दिसत नाही. 'नैसर्गिक' आहे म्हणून निरुपद्रवी, हे कण्हेरीला कुणी सांगितलेलं नाही. आणि साबण काय, कडुलिंब काय, वेळीअवेळी मारत राहिलं तर भुंगेऱ्याच्या अळ्यांनाही ते लागतंच.

कधीकधी न फवारणं हाच निर्णय असतो. कढीपत्त्यावर किंवा लिंबाच्या रोपावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काळं-पांढरं काहीतरी चिकटलेलं दिसतं. काडीने हळूच टोचलं तर ते डोक्यामागून दोन लाल शिंगं बाहेर काढतं आणि आंबट उग्र वास सोडतं. पाकोळी फुलपाखरांची ही अळी मोठी होताना हिरवीगार होते आणि आठवडाभरात एक फांदी साफ करते. लहान रोप असेल तर उचलून दुसऱ्या मोठ्या झाडावर ठेवावी. झाड वाढलेलं असेल तर चार फांद्या गेल्याने काही बिघडत नाही, पंधरा दिवसांत नवी पालवी येते. लिंबू-कढीपत्त्याच्या कुळावर वाढणाऱ्या अशा फुलपाखरांपैकीच एक, ब्लू मॉरमॉन, 2015 पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. शेजारी एखाद्या कुंडीत झेंडू, बडीशेप किंवा फुलावर आलेली कोथिंबीर असू द्यावी. मावा खाणाऱ्या सिरफिड माश्या आणि परोपजीवी माश्या त्या बारीक फुलांच्या मधावर येतात आणि मग जवळपासच अंडी घालतात. मेथी-कोथिंबीर भाजीसाठी संपूर्ण खुडून टाकण्यापेक्षा चार रोपं फुलू द्यावीत.

वर्षातून एकदा, शक्यतो मे महिन्यात, जुन्या कुंड्या रिकाम्या कराव्यात. माती टाकून द्यायची नाही. गाठी फोडून, जुनी मुळं वेचून ती ओली करायची आणि गच्चीवर पारदर्शक प्लॅस्टिकखाली पातळ पसरून तीन-चार आठवडे तापू द्यायची. आपल्या मे महिन्यातल्या उन्हात तिच्यातल्या किडींची अंडी, कोष आणि मुळकुज करणारी बुरशी बरीचशी मरते. त्याबरोबर चांगले जीवही मरतात. म्हणून नंतर निम्म्याला निम्मं ताजं कंपोस्ट, मूठभर निंबोळी पेंड आणि कृषी सेवा केंद्रात मिळणारी ट्रायकोडर्मा बुरशी, कुंडीला चमचाभर, कंपोस्टातच कालवून घालायची. ही बुरशी मुळांना सडवणाऱ्या बुरशीवर जगते. ती घातल्यावर कोरडी माती ठेवू नये आणि वरून कुठलंही रासायनिक बुरशीनाशक मारू नये. जास्वंद, मोगरा, कढीपत्ता अशी बहुवर्षायू झाडं बाहेर काढण्याचं काम भर उन्हाळ्यात करू नये. पहिले पाऊस पडून हवा गार झाली की करावं. कुंडीला वेढा घालून बसलेल्या मुळांचा बाहेरचा इंचभर थर धारदार सुरीने कापावा, तेवढाच शेंडाही छाटावा, आणि नव्या मिश्रणात बसवून चार दिवस सावलीत ठेवावं. त्याच सुमारास रस्त्याकडेच्या कडुलिंबांखाली पिकलेल्या निंबोळ्यांचा सडा पडलेला असतो. पिशवीभर गोळा करून, गर धुऊन, सावलीत सुकवल्या की वर्षभराच्या अर्काची सोय झाली. ओल्या राहिल्या तर त्यांना बुरशी लागते, म्हणून हवा जाईल अशा कापडी पिशवीत टांगून ठेवाव्यात.